कोंबडी प्रक्रियेतील नवी यंत्रे : देखरेख कोणाची?



ऊस विकास अधिकाऱ्याने कोंबडीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. माळकरी सभासदांनी राग मानू नये. पण गटागटांतून हिंडताना असे दिसते, की उसाच्या बांधाला पोल्ट्रीची शेड नाही असे गाव आता शोधावे लागते. ऊस वर्षा-दीड वर्षाने पैसे दाखवतो. कोंबडीची बॅच पाच-सहा आठवड्यांत निघते आणि शेडमधले खत लागणीच्या सरीत पडते. त्यामुळे आपले कितीतरी सभासद आज कराराने पक्षी वाढवतात. कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषध देते; आपण शेड, पाणी, वीज, मजुरी आणि रात्रीची जाग देतो. पक्षी गाडीत भरून गेले की आपला संबंध संपला असे आपण धरून चालतो. तो संपत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

२००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि तिथल्या शेडच्या शेड रिकाम्या कराव्या लागल्या. तो रोग खराच होता. पण २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीत काहीच नव्हते. कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी नुसती अफवा उठली आणि भाव मातीमोल झाले. काही ठिकाणी लोकांनी पक्षी फुकट वाटले. मग २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे रुग्ण वाढले. हातपाय लुळे पाडणारा हा आजार. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. मुख्य संशय पाण्यावर होता. पण हा जंतू कोंबडीच्या आतड्यातही राहतो, म्हणून बोट कोंबडीकडेही गेले. अशा वेळी 'आमच्या मालात हे नाही, ही बघा तपासणीची नोंद' असे छातीठोकपणे सांगता आले पाहिजे. नोंदच नसेल तर अफवेला उत्तर काय देणार? आणि भाव पडला की पहिला फटका शेडवाल्याला बसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुण्यात अजूनही बहुतेक गिऱ्हाईक दुकानात डोळ्यांसमोर कोंबडी कापून घेते. पण यंत्राने सोललेला, थंड केलेला, पाकिटातला माल वाढत चालला आहे आणि तो वाढणार. ते वाईट नाही. उलट नीट चालवलेला कारखाना उघड्यावरच्या दुकानापेक्षा स्वच्छच. प्रश्न एवढाच, की 'नीट चालवलेला' हे कोणी ठरवायचे?

त्यासाठी आत काय चालते ते आधी समजून घेऊ. पक्षी पायांनी साखळीला टांगतात. बेशुद्ध करून कापल्यावर तो पन्नास ते साठ अंशांच्या गरम पाण्याच्या टाकीतून जातो. मग रबरी बोटांचे यंत्र पिसे काढते. पुढचे यंत्र पोट उघडून आतडी बाहेर काढते. शेवटी धुऊन माल चार अंशांच्या आसपास थंड करतात. धोक्याच्या जागा यातच आहेत. गरम पाण्याची टाकी सगळ्या पक्ष्यांना एकच. रबरी बोटे एकाची घाण दुसऱ्याला लावतात. आतडे काढणारे यंत्र ठरावीक मापाला बसवलेले असते. बॅचमध्ये एक पक्षी दीड किलोचा आणि दुसरा अडीच किलोचा असला तर यंत्राचे माप चुकते, आतडे फाटते आणि विष्ठा मांसावर येते. माणूस सुरीने काढत होता तेव्हा तो पक्षी बघून हात चालवत होता. यंत्र बघत नाही. ते एका मिनिटात शेकडाभर पक्षी काढते आणि चूक झाली तर तीही त्याच वेगाने करते.

म्हणून नवीन यंत्राबरोबर तपासणीही नव्याने ठरवावी लागते. याबाबत अमेरिकेचा अनुभव बघण्यासारखा आहे. तिथे मांस तपासणीचा कायदा १९०६ साली झाला आणि कोंबडीचा १९५७ साली. जुन्या पद्धतीत सरकारी निरीक्षक साखळीशेजारी उभा राहून प्रत्येक पक्षी बघे. एका निरीक्षकाला मिनिटाला जास्तीत जास्त ३५ पक्षी, अशी मर्यादा होती. २०१४ साली तिथल्या कृषी खात्याने नवीन पद्धत आणली. खराब पक्षी बाजूला काढायचे काम कारखान्याच्याच कामगारांकडे दिले, शेवटी एक सरकारी निरीक्षक ठेवला आणि वेग मिनिटाला १४० पक्ष्यांपर्यंत नेला. चाचणीतल्या वीस कारखान्यांना तर १७५ची मुभा राहिली. आता हिशोब करा. मिनिटाला १४० म्हणजे एका पक्ष्याला अर्धा सेकंदसुद्धा नाही. तेवढ्यात डोळ्याला काय दिसणार?

खात्याचे म्हणणे असे, की जंतू डोळ्याला दिसतच नाहीत. तेव्हा माणूस नुसता उभा करण्यापेक्षा नमुने घेऊन प्रयोगशाळेत तपासावेत. या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. पण नमुना कोणी घ्यायचा, कधी घ्यायचा आणि निकाल कोणाला दाखवायचा, हे सगळे कारखान्याच्याच हाती राहिले तर ती तपासणी कसली? डुकराच्या मांसासाठी २०१९ साली तिथे असाच नियम आला आणि ताशी १,१०६ ही वेगाची मर्यादा काढून टाकली. २०२१च्या मार्चमध्ये मिनेसोटातल्या न्यायालयाने नियमाचा तो भाग रद्द केला. साखळीवरच्या कामगारांच्या सुरक्षिततेचा विचार खात्याने केला नाही, हे त्याचे कारण होते. म्हणजे सरकारने देखरेख सैल केली तर सरकारलाही जाब विचारता येतो.

युरोपने दुसरी वाट धरली. सोललेली कोंबडी क्लोरीनच्या पाण्याने धुवायला १९९७पासून तिथे बंदी आहे. शेवटी औषधाने धुता येते म्हटल्यावर आधीच्या पायऱ्यांवर कोणी काळजी घेणार नाही, अशी त्यांची भीती. ही भीती आपल्यालाही पटण्यासारखी आहे. खोडव्यात वेळेवर तण काढायचे नाही आणि शेवटी तणनाशकावर भागवायचे, तसलाच हा प्रकार.

आता आपल्याकडचे बघू. मांस पदार्थांसाठी १९७३चा केंद्राचा आदेश होता. तो पुढे २००६च्या अन्न सुरक्षा कायद्यात सामावला. २०११च्या नियमांत कापण्याआधी आणि कापल्यानंतर पशुवैद्यकाने तपासणी करावी असे लिहिले. रोज पन्नासपर्यंत पक्षी कापणाऱ्याला साधी नोंदणी आणि हजाराच्या वर क्षमता असणाऱ्याला केंद्राचा परवाना, अशी पायरीही त्यात ठेवली. अगदी नव्या तंत्राने प्रक्रिया केलेल्या अन्नाला आधी मंजुरी घ्यावी, असे २०१७च्या नियमांत आले. राज्यात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. म्हणजे कागदावर आपण फार मागे नाही.

नवे तंत्र देखरेखीखाली चालवता येते याचे उदाहरणही आपल्या राज्यातच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगावला विकिरण केंद्र उभारले, कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. त्या तंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, किती मात्रा दिली याची नोंद लागते आणि विकिरण केलेल्या मालाच्या पाकिटावर ठरलेले चिन्ह छापावे लागते. याच केंद्रातून २००७ साली आंबा अमेरिकेला गेला. देखरेख कडक होती म्हणून दार उघडले.

मग कोंबडीच्या बाबतीत माझे म्हणणे काय? आपल्या सभासदांना ते काट्यावरून चटकन समजेल. उसाचा वजनकाटा कारखान्याचा. पण तो बरोबर आहे असा शिक्का कारखान्याचा माणूस मारत नाही. फी कारखाना सरकारात भरतो आणि शिक्का वैधमापनशास्त्र खात्याचा निरीक्षक मारतो. एवढे असूनही काटामारीची शंका पुरती जात नाही, म्हणून भरारी पथके नेमावी लागतात. तोलाला एवढे, तर लाखो लोकांच्या पोटात जाणाऱ्या मांसाला किती हवे? यंत्राचा मालक आणि यंत्राचा तपासनीस एकच असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पशुवैद्यकाचा पगार कारखान्याच्या खिडकीवर निघत असेल, तर साखळी थांबवायला त्याचा हात उचलणार नाही. कारखान्याने फी सरकारात भरावी आणि माणूस सरकारने नेमावा.

कोणी म्हणेल, आता कॅमेरे आले, संगणक आले, माणूस कशाला? साखर कारखाने आणि आसवन्यांना सांडपाण्याचे ऑनलाइन मीटर बसवावेत असे निर्देश केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०१४ साली दिले. चांगलेच झाले. पण मीटर बसला म्हणजे देखरेख झाली, असे नाही. तो बरोबर दाखवतो की नाही हे कोणीतरी तपासावे लागते. कॅमेऱ्याचेही तसेच. कोणता पक्षी खराब म्हणायचा हे त्याला कोणीतरी शिकवलेले असते. काय शिकवले, हे सरकारने बघितलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप खरा आणि कडू आहे. 'इन्स्पेक्टर वाढवा म्हणजे पाकिटे वाढतील.' हे मी नाकारत नाही. पण रस्ता खराब आहे म्हणून कोणी ऊस शेतात ठेवत नाही. पाकिटावर उपाय म्हणजे निकाल उघडा ठेवणे. फाटकावर मराठीत फलक लावा : या महिन्यात किती नमुने घेतले, किती नापास झाले, साखळीचा वेग किती होता. फलक सगळ्या गावाने वाचला की साहेबाला आणि मालकाला दोघांनाही सांभाळून राहावे लागते.

तिसरी गोष्ट छोट्यांची. आपल्यातले चार तरुण एकत्र येऊन दिवसाला दोन-तीनशे पक्ष्यांचे छोटे युनिट काढू म्हणाले, तर त्यांच्यावर मोठ्या कारखान्याइतके कागद लादू नयेत. जिथे वेग जास्त आणि यंत्र नवे, तिथे देखरेख जास्त. जिथे हात आणि सुरी, तिथे पाणी, बर्फ आणि स्वच्छता बघा. सगळ्यांना एकच माप लावले तर छोटा बुडेल आणि मोठाच उरेल.

याखेरीज आणखी दोन मागण्या मांडाव्यात असे वाटते. नवीन यंत्र, नवीन रसायन किंवा वाढीव वेग सुरू करण्याआधी जुन्या आणि नव्या पद्धतीने काढलेल्या मालाचे नमुने शेजारी शेजारी तपासावेत. जंतू वाढले नाहीत असे दिसल्यावरच परवानगी द्यावी. आणि ज्या शेतकऱ्याच्या बॅचमधले पक्षी नापास झाले, त्याला किती आणि का, ते लेखी मिळावे. उसाची वजनपावती हातात पडल्याशिवाय आपण गव्हाणीवरून हलत नाही. मग कोंबडीच्या नापास मालाचा हिशोब तोंडी का ऐकायचा? दोष यंत्राच्या मापाचा आणि कपात शेडवाल्याची, असे होता कामा नये.

अर्थात आपलीही बाजू आहे. गाडी येण्याआधी ठरलेले तास खाद्य बंद ठेवा, पाणी मात्र चालू ठेवा. कापण्याच्या वेळेपर्यंत साधारण आठ ते बारा तास पोट रिकामे राहिले तर आतडे फाटले तरी घाण कमी पडते. बॅच एकसारख्या वजनाची ठेवा. औषधाची नोंदवही ठेवा आणि मालाआधीची औषधबंदी पाळा. कोलिस्टिन हे प्रतिजैविक खाण्याच्या जनावरांना व पक्ष्यांना द्यायला २०१९च्या जुलैमध्ये बंदी झाली, हे लक्षात असू द्या. शिळा ऊस आणून चांगला उतारा मागता येत नाही, तसेच हे.

अंडी उत्पादकांनी १९८२ साली एकत्र येऊन समन्वय समिती स्थापन केली. तिचे मुख्य कार्यालय आपल्या पुण्यातच आहे. विखुरलेल्या उत्पादकांनी भावासाठी एकजूट केली. तशीच एकजूट आता तपासणीसाठी हवी. करारावर सही करण्याआधी चार प्रश्न एकत्र विचारा : माल कोणत्या कारखान्यात जातो, तिथे पशुवैद्यक कोणाचा, वेग किती, निकाल कुठे बघायला मिळतो. एकट्याने विचारले तर उत्तर मिळेलच असे नाही. गावातल्या वीस शेडवाल्यांनी एका कागदावर सह्या करून विचारले तर द्यावे लागेल.

ज्या सभासदांच्या शेड आहेत त्यांनी आपापल्या गट कार्यालयात नावे द्यावीत, ही विनंती. गळीत हंगाम संपल्यावर सर्वांनी मिळून अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयाला निवेदन द्यावे, असा विचार आहे. सूचना असतील तर जरूर कळवा.

— ऊस विकास अधिकारी