३०० रुपयांच्या पात्यापायी १४ हजारांचा कूलर भंगारात

राजेहो, गेले दहा दिवस मी एक प्लास्टिकचं पातं शोधत फिरतोय. कूलरच्या पंख्याचं. सीताबर्डी झाली, इतवारी झाली, गांधीबाग झालं. सगळीकडे एकच उत्तर, "भाऊ, हे येतच नाही आता. मॉडेल बंद झालं. नवा घेऊन टाका ना."

आईच्या खोलीतला कूलर २०१७ चा. चांगल्या कंपनीचा, पांढराशुभ्र, रिमोटवाला. त्या वेळी १४ हजार मोजले होते. मागच्या वर्षी त्याचा बोर्ड गेला. कंपनीच्या माणसाने येऊन पाहिलं, तपासणीचे पैसे घेतले आणि सांगितलं की बोर्ड मिळणार नाही. मग आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने बोर्ड बाजूला काढला आणि साधा गोल फिरवायचा स्विच बसवून दिला. रिमोट गेला, कूलर राहिला. आईला रिमोट तसाही आवडत नव्हता.

या वर्षी होळी झाली, कूलर धुतला, चालू केला तर आतून टकटक. उघडून पाहिलं तर पात्याच्या मधल्या गोलाला तडा. मोटर ठणठणीत, पंप ठणठणीत, टाकी ठणठणीत. फक्त ते पातं. बाजारात पात्यांचा तोटा नाही हो, ढीग पडलेत. पण या कंपनीच्या मोटरच्या दांड्याचं माप जगावेगळं. एका बाजूने कापलेला दांडा, आणि जाडी अशी की बाजारातलं एकही पातं बसत नाही. मिस्त्री म्हणाला, "घासून बसवून देतो, पण चालत्या पंख्यातून सुटलं तर मला बोलू नका." मी नको म्हटलं. त्या कूलरपासून चार हातांवर माझी ७८ वर्षांची आई झोपते.

आता दुसरा कूलर बघा. बाबांनी १९८७ मध्ये घेतलेला पत्र्याचा. कोणी बनवला ते त्याच्यावर कुठं लिहिलेलं नाही. मोटर दोनदा वाइंडिंग करून झाली. पंप दर दोन-तीन वर्षांनी नवा, कुठल्याही दुकानातून, कुठल्याही कंपनीचा. खालचा टब गंजला तर वेल्डिंगवाल्याने नवा करून दिला. ताट्या दरवर्षी बदलतो, पूर्वी वाळ्याच्या, आता वुडवूलच्या. कंडेन्सर गेला तर चौकातून आणायचा. ३८ उन्हाळे झाले, मूळचा म्हणावा असा त्याचा फक्त सांगाडा उरलाय, आणि तो अजून हवा फेकतो. कारण एकच. त्याचा प्रत्येक भाग ठराविक मापाचा आहे आणि ते माप कोणाच्या बापाचं नाही.

पत्र्याच्या कूलरचं मी गुणगान करतोय असं समजू नका. तो शॉक देतो. अर्थिंग नसेल तर जीव घेतो, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात अशी एखादी तरी बातमी येतेच. ओल्या हाताने, चालू कूलरमध्ये पाणी भरू नका, हे लेकरांना रोज सांगा. प्लास्टिकचा कूलर लोकांनी घेतला तो काही हौसेने नाही, या भीतीने घेतला. आणि माझा राग नेमका इथंच आहे. सुरक्षित वस्तू घ्यायला सांगता, तर तिचा सुरक्षित पार्ट पण द्या. नाहीतर लोक काय करतील? बोर्ड उडवून थेट वायर जोडतील, पातं घासून ठोकतील. मीच केलं ना बोर्डाचं!

कोणी म्हणेल, कूलरसारख्या वस्तूवर एवढं काय लिहायचं. मुंबईकर म्हणत असेल तर ठीक आहे. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. २०२४ च्या मे अखेरीस तर एका स्वयंचलित यंत्राने ५६ दाखवले आणि देशभर बोंब झाली. मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. (निदान त्यांना सेन्सर तरी बदलून मिळाला असेल.) आपल्याकडे कूलर ही चैन नाही. हवा कोरडी असते म्हणून पाणी झपाट्याने उडतं आणि खोली खरंच गार होते. वीज एसीच्या मानाने किरकोळ लागते. ज्याला एसीचं बिल झेपत नाही त्याच्यासाठी मे महिन्यात कूलर म्हणजे औषध आहे. ऐन मे मध्ये औषध "मॉडेल बंद" म्हणून नाकारलं तर?

सरकारला हे माहीत नाही असंही नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विषय घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झालं. पोर्टलवर कंपन्यांचे सर्व्हिस सेंटरचे नंबर आहेत. नंबर माझ्याकडे पण आहे हो, पातं नाहीये! पुढे दुरुस्ती किती सोपी याचा निर्देशांक ठरवायला आणखी एक समिती झाली, तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यात पहिला भर स्मार्टफोन आणि टॅबलेटवर. कूलरचा नंबर कधी लागेल देव जाणे.

युरोपात २०२१ पासून नियम आहे. फ्रिजचे महत्त्वाचे पार्ट, ते मॉडेल विकणं बंद झाल्यावरही किमान ७ वर्षं मिळाले पाहिजेत, वॉशिंग मशीनचे १० वर्षं. बंद झाल्यावर, हे लक्षात घ्या. आपल्याकडे वॉरंटी संपली की नातं संपलं.

आणि कायद्याचा बडगा आपल्याकडे चालतच नाही असं म्हणू नका. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. कारण काय, तर सुटे भाग बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नव्हते. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या तो भाग वेगळा. पण मोटारीच्या बाबतीत जी गोष्ट चूक, ती कूलरच्या बाबतीत बरोबर कशी?

कंपन्यांचं उत्तर मला पाठ आहे. जुने पार्ट साठवायला गोदाम लागतं, खर्च येतो. मान्य. मग साठवू नका. त्या पात्याचं माप आणि ड्रॉइंग खुलं करा, आमचा हिंगण्याचा एखादा छोटा कारखानदार बनवून देईल आणि त्याचंही पोट चालेल. तेही नको असेल तर निदान मोटरचा दांडा बाजारातल्या मापाचा ठेवा. वेगळं माप ठेवून कूलर जास्त गार होत नाही. वेगळं माप ठेवलं की गिऱ्हाईक सात-आठ वर्षांनी परत दुकानात येतं, एवढंच होतं.

खोक्यावर एमआरपी छापता, तारे छापता. २००६ पासून तारे मोजायला शिकलोच ना आपण. त्याच्या बाजूला एक ओळ छापा, 'या मॉडेलचे सुटे भाग अमुक वर्षापर्यंत मिळतील.' मग बघू कोण कोणता कूलर घेतो ते. आपले खासदार, आमदार मतं मागायला येतात तेव्हा रस्ते, मेट्रो सगळं विचारतो, हे पण विचारा.

तोवर बाबांचा पत्र्याचा कूलर गच्चीवरून खाली काढलाय. इलेक्ट्रिशियनकडून नवं अर्थिंग करून घेतलं, रविवारी आईच्या खिडकीला लावतो. प्लास्टिकवाला मी अजून भंगारात दिलेला नाही. पात्याचा घेर १६ इंच, पाती पाच, मधलं भोक एका बाजूने चपटं. कोणाच्या ओळखीत, कोणाच्या जुन्या कूलरमध्ये असं पातं पडून असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जातो.