खुर्चीचं भाडं, रात्रीच्या दराने

शनिवारी रात्री आम्ही पबमध्ये का जातो, याचं निदान सगळ्यांकडे तयार आहे. पाश्चात्त्यांचं अंधानुकरण, हातात खुळखुळणारा पगार, घरच्या संस्कारांचा तुटवडा. मी मूळचा सांगलीचा, वय सत्तावीस, अंधेरीत भाड्याने राहतो आणि शनिवार सहसा चुकवत नाही. तेव्हा आरोपीचाही जबाब नोंदवून घ्या: आम्ही पबमध्ये जातो कारण या शहरात रात्री बसायला दुसरी जागा नाही. दारू हे त्या खुर्चीचं भाडं आहे.

चार मित्रमैत्रिणींना रात्री दहानंतर दोन तास गप्पा मारायच्या असतील तर मुंबईत कुठे बसावं, सांगा. माझ्या खोलीवर? बॅचलर भाडेकरूंकडे दहानंतर पाहुणे नकोत, असा सोसायटीचा नियम आहे. मैत्रीण श्वेता नुसती चार्जर द्यायला आली तरी वॉचमन वहीत तिचं नाव, नंबर, आल्याची वेळ लिहून घेतो आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी काका लिफ्टमध्ये गाठून म्हणतात, "फॅमिली बिल्डिंग आहे हो आपली." गच्चीला कुलूप, कारण विचारलं तर 'सेफ्टी'. बागेला कुलूप, कारण विचारायला तिथे कुणी नाही. समुद्रकाठच्या कट्ट्यावर बसावं तर गस्तीची गाडी येते, काठी सिमेंटवर दोनदा आपटते. "चलो, उठो. घर नहीं है क्या?" आहे ना साहेब. फक्त दरमहा पगाराचा निम्मा भाग देऊनही त्या घरात मित्र बसवायची मुभा नाही.

मग उरतो पब. तिथे छाननी दारातच सुरू होते. सोबत मुली नसलेल्या पोरांना 'स्टॅग' म्हणतात. त्यांना प्रवेश नाही, किंवा आहे तर कव्हर चार्ज भरून. आठवड्यातल्या एखाद्या ओस वारी मात्र 'लेडीज नाइट' असते आणि मुलींना दारू फुकट. मालकाच्या अंगात अचानक स्त्रीदाक्षिण्य संचारत नाही. मुली आत दिसल्या की पोरं पाकीट उघडून मागोमाग येतात, एवढाच हिशेब. श्वेता म्हणते, "मी तिथे गिऱ्हाईक नसते रे, गळाला लावलेलं गांडूळ असते."

आत गेलं की ज्या कामासाठी आलो तेच होत नाही. आमच्यातल्या निखिलने आपलं ठरलेलं लग्न मोडल्याची बातमी आम्हाला अशाच एका पबमध्ये दिली, डीजेच्या वर आवाज चढवून. आमच्यातल्याच सम्याला 'लोन फिटलं' असं ऐकू आलं आणि त्याने उठून टाळी दिली. आवाज इतका का? कारण बोलणारी माणसं पीत नाहीत आणि न पिणाऱ्या टेबलाचा मालकाला उपयोग नाही.

बिल तर वाचनीय असतं. न मागता फोडलेली पाण्याची बाटली पहिल्या ओळीत. दारूवर दहा टक्के व्हॅट, जो २०२३ च्या नोव्हेंबरपर्यंत पाच टक्के होता. चखण्यावर पाच टक्के जीएसटी. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, ते मूळ दरातच मुरलेलं. आणि तळाला दहा टक्के सर्व्हिस चार्ज. तो बिलात आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैत बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये ते उचलून धरलं. "काढा" म्हटलं की मॅनेजर म्हणतो, "सर, स्टाफला जातो." स्टाफमधल्या दादाला विचारावं तर तो छताकडे बघून हसतो. मग काँट्री निघते. अख्ख्या रात्रीत एक फ्रेश लाइम सोडा प्यायलेला सम्याही समान हिस्सा भरतो. तक्रार करत नाही. तोही खुर्चीवर बसला होताच.

कायदा म्हणतो, पंचविशीच्या आत कडक दारू पिऊ नका, बिअर-वाइन एकविशीनंतर. उत्तम. नाही पीत. पण न पिणाऱ्या विशीतल्या पोराने रात्री अकरा वाजता बसावं कुठे, हे कोणताच कायदा सांगत नाही. बसू नये, हे मात्र सगळे सांगतात.

या शहराचं खरं धोरण दीड वाजता कळतं. रात्री दीड ही बार बंद होण्याची परवान्यातली वेळ. तोवर आत बसलेला माणूस म्हणजे 'नाइटलाइफ', राज्याचा महसूल, पर्यटनाची शान. त्याच मिनिटाला बाहेर फूटपाथवर बसलेला माणूस म्हणजे संशयित. ही माझी अतिशयोक्ती नाही. २०२२ च्या जूनमध्ये दक्षिण मुंबईत रात्री दीडच्या सुमारास रस्त्याकडेला तोंड झाकून बसलेल्या एका तरुणाला पोलिसांनी पकडलं. गुन्हा करण्याच्या इराद्याने ओळख लपवत होता म्हणे. तोंडावर रुमाल होता, कारण करोनाची दोन वर्षं सरकारच तोंड झाका म्हणून कानीकपाळी ओरडत होतं. गिरगावच्या दंडाधिकाऱ्यांनी त्याला सोडलं आणि खडसावलं की मुंबईत दीड म्हणजे काही फार रात्र नव्हे आणि संचारबंदी नसताना रस्त्यावर असणं हा गुन्हा नव्हे. रस्त्यावर बसायचा हक्क शाबीत करायला नागरिकाला कोर्टाची पायरी चढावी लागते. आत दोन हजार टाकले असते तर सलाम मिळाला असता.

"तुमच्याच सुरक्षेसाठी उठवतो," हे उत्तर पाठ झालं आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईतल्या कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ जण गेले. २०२५ च्या डिसेंबरमध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबमधल्या आगीत २५ जण गेले, त्यांतले बहुतेक तिथलेच कर्मचारी. ही सगळी माणसं आत होती, पैसे मोजून किंवा पगारावर. समुद्राच्या कट्ट्यावर गप्पा मारताना कोणी गुदमरून मेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

सरकारला रात्रीची आठवण येते ती फक्त शटर उघडं ठेवण्यापुरती. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने चोवीस तास धंद्याची वाट मोकळी केली. २०२० च्या जानेवारीत 'मुंबई २४ तास'चा गाजावाजा झाला. मॉल आणि मिल कंपाउंड उघडी राहणार म्हणून. दोन महिन्यांत करोनाने ते गुंडाळलं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा आदेश निघाला: दुकानं, हॉटेलं चोवीस तास चालू शकतात. दर वेळी दुकान. एकदाही बाकडं नाही, मुतारी नाही, बस नाही. पश्चिम रेल्वेची शेवटची लोकल चर्चगेटहून एकच्या सुमारास सुटते आणि पहिली चारनंतर. बार बंद होतो दीडला. म्हणजे आम्हाला वाढणारा, विरारला राहणारा दादा खुर्च्या उलट्या टाकून त्यांच्याच मधे चादर पसरतो. इकडे आमची टॅक्सी ॲपवर दीडपट दर दाखवत असते आणि तेवढे पैसे नसलेला कोणीतरी 'दोनच पेग झालेत' म्हणत बाइकला किक मारतो.

पुण्यात वेगळं काय आहे? १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात पबमधून निघालेल्या एका अल्पवयीन पोराच्या पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांना चिरडलं आणि त्याला आधी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. ओरड झाल्यावर प्रशासन जागं झालं आणि पबांची बांधकामं पाडत सुटलं. पाडा, बेकायदा होती तर पाडायलाच हवीत. पण दीड वाजता हजारो माणसं एकदम रस्त्यावर ओतणाऱ्या शहरात मेट्रो अकराला झोपते, हा प्रश्न कुठल्याच बैठकीत आला नाही.

"रात्री शहर चालवणं शक्य नाही" ही थाप तर दरवर्षी उघडी पडते. अनंत चतुर्दशीच्या रात्री याच मुंबईत जादा लोकल धावतात. त्याआधी गणपतीच्या दिवसांत लालबागच्या रांगेत पहाटे तीनला आजी, सून आणि कडेवरचं पोर उभं असतं. पोलीस तेच, काठी तीच, पण त्या रात्री ते रस्ता दाखवतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमातही वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सवलतीची सोय आहे. म्हणजे शहराला जागता येतं. देवासाठी जागतं, गिऱ्हाइकासाठी जागतं. नुसत्या माणसासाठी जागायचं म्हटलं की सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो.

आणि हो, 'आमच्या वेळी असलं नव्हतं' म्हणणारे काका. तुमच्या वेळी चाळीची गॅलरी होती, शिवाजी पार्कचा कट्टा होता, गिरणगावात तिसरी पाळी सुटेपर्यंत जागे असलेले नाके होते. तुम्ही अर्ध्या कपावर जग बदललंत आणि एक छदाम काँट्री काढली नाहीत. मग त्याच चाळी पुनर्विकासाला दिल्यात, गॅलरी फ्लॅटच्या कार्पेट एरियात घेतलीत, अंगणाचं पार्किंग केलंत, गच्चीला कुलूप ठोकलंत आणि सोसायटीचे सेक्रेटरी झालात. त्यातही बायकांना तो कट्टा मिळाला नव्हताच. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात याच मुंबईबद्दल मांडलं की बाईला बिनकामाचं रेंगाळण्याचाही हक्क हवा. श्वेताला आजही तो हक्क बाउन्सरच्या पहाऱ्यात, पैसे भरून मिळतो.

आमच्यातलेही काही साव नाहीत. ज्यांना दोन हजार जड नाहीत त्यांना हे सगळं सोयीचंच आहे. रस्त्यावरच्या माणसापासून वेगळं दिसायचेच ते पैसे भरतात आणि स्टोरी टाकतात. त्यांना त्यांचे पब लखलाभ.

रुळांच्या दुरुस्तीला रात्रीचे तीन तास लागतात, हे मला ठाऊक आहे. मग त्या तीन तासांत लोकलच्या मार्गावर तासाला एक बस सोडा. समुद्रकाठचे दिवे आणि शौचालयं चालू ठेवा. वॉर्डात एक बाग रात्रभर उघडी ठेवा, तिथे एक चहावाला बसू द्या आणि त्याची सायकल उचलून नेऊ नका. सोसायटीवाल्यांनी वही मिटावी. पबवाल्यांचा धंदा यातून बुडेल अशी भीती असेल, तर तो दारू विकून चालत नव्हता, हे मान्य करा.