शेवाळातलं औषध?

हिवाळ्यात ओहोटी लागली, की विजयदुर्गाच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटलेलं, बारीक बारीक फुग्यांचं तपकिरी शेवाळ पाहिलंय ना? ते सारगॅसम! अशा शेवाळातून अल्जिनेट नावाचा पदार्थ काढतात. आईस्क्रीम दाट करायलाही तो वापरतात. कॅल्शियम मिळालं, की तो जेलीसारखा गोठतो.

आता हृदयाकडे वळू. हृदयविकाराच्या झटक्यात रक्त अडतं आणि स्नायूंच्या १०० कोटीपर्यंत पेशी मरू शकतात. खरचटलेला गुडघा भरून येतो, हृदयावर मात्र व्रण राहतो. म्हणून शास्त्रज्ञांनी तिथे मूलपेशी टोचून पाहिल्या. पण हृदय थांबतंय कुठे? त्या धडधडीत बहुतेक पेशी निसटतात नाहीतर मरतात. त्यांना धरून ठेवायला हवा जेल!

"बाई, मग आमचे आजोबा बरे होतील?" वर्गात एकीने विचारलं. मला चटकन 'हो' म्हणवेना. नुसतं अल्जिनेट सुमारे ३०० रुग्णांच्या चाचणीत वापरून पाहिलं, २०१६ साली निष्कर्ष छापून आले. फायदा दिसला नाही. जेल आणि पेशी मिळून काय करतात, याचे प्रयोग अजून चालू आहेत. तोवर गोळ्या चुकवायच्या नाहीत, असं तिने घरी जाऊन आजोबांना बजावलं म्हणे!