खोडव्याची पुस्तके

डिसेंबर लागला की आमच्या वाचक मंडळात एक कागद फिरतो. सरत्या वर्षात वाचलेल्यांपैकी आवडलेली पाच पुस्तके प्रत्येकाने त्यावर लिहायची, असा गेल्या पंधरा-सोळा वर्षांचा रिवाज आहे. मंडळ तरी कसले! माझ्यासारखे दोन निवृत्त मास्तर, साखर कारखान्यातून बाहेर पडलेले एक केमिस्ट, बँकेतल्या एक बाई आणि आणखी चार-सहा जण. ही यादी कुठे छापून येत नाही. तरीही कागद समोर आला की माणूस फोटो काढून घेताना बसतो तसा ताठ बसतो आणि मग खरे लिहिणे अवघड होते.

गेल्या वर्षी माझ्या यादीत एक जाडजूड कादंबरी होती. तिचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नाही. आमच्या शेजारी अण्णा राहतात. शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत, सारी हयात भाजीपाल्यात गेली. तीन एकरांतले अडीच एकर इमारतींखाली गेल्यावर हाताशी वेळ आला आणि त्या वेळात अण्णा वाचू लागले. माझी यादी पाहून त्यांनी नातवाला आप्पा बळवंत चौकात धाडले. मांजरीहून तिथे जाऊन परत यायचे म्हणजे हडपसरच्या कोंडीत अर्धा दिवस मोडतो. सहाशे रुपये मोजून पुस्तक आले. महिन्याभराने ते काखेत घेऊन अण्णा माझ्या दारात उभे.

"सर, साठ पानं कशीबशी ओढली. म्होरं गाडं हलंना. पुढं चांगलं आहे का हो?"

मी गप्प राहिलो, कारण एकशे वीस पानांपुढे मीही गेलो नव्हतो. अण्णांच्या ते ध्यानात आले असावे. त्यांनी चहा घेतला, पावसापाण्याचे बोलले आणि पुस्तक टेबलावर ठेवून गेले. त्यानंतर चार महिने त्यांनी माझ्याकडे एकही पुस्तक मागितले नाही. पैसे मी देऊ केले असते, पण प्रश्न पैशांचा नव्हता. उतारवयात वाचायला लागलेल्या माणसाला "हे आपल्या आवाक्यातले नाही" असे वाटायला मी कारण झालो होतो, आणि तेही मी स्वतः न वाचलेल्या पुस्तकाच्या जोरावर.

याद्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. 1964 साली 'ललित' मासिक निघाले आणि पुस्तकांविषयीच्या बातम्या, शिफारशी शहराबाहेरच्या वाचकापर्यंत पोचू लागल्या. वर्षअखेरीला वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत येणाऱ्या निवडींवर खुणा करून ग्रंथपालांकडे मागणी करणारे कितीतरी वाचक मी पाहिले आहेत. मी त्यांतलाच एक. ज्याच्या गावात पुस्तकांचे दुकान नाही, त्याच्यासाठी यादी हेच दुकान. म्हणून तर ती खरी असायला हवी. शहरातला वाचक दुकानात उभा राहून चार पाने चाळतो आणि मग ठरवतो. लांबचा वाचक आपल्या शब्दावर पैसे मोजतो.

मग आपण खोटे का लिहितो? माझ्या वहीतल्या नोंदी पाहून मला तीन कारणे सापडली. पहिले नव्याचे. गेल्या वर्षीच्या माझ्या पाचांपैकी चार पुस्तके सप्टेंबरनंतर वाचलेली होती, म्हणजे आवड कमी आणि आठवण ताजी एवढेच. दुसरे वजनाचे. पुस्तकाचे नाव घेतल्यावर आपलेही वजन वाढेल, हा हिशेब मनात असतो. तिसरे कारण खास मराठी आहे. 1909 साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्या वाचनाच्या वर्षाला एक वेगळा हंगाम जोडला गेला. दिवाळीनंतरचे दोन महिने मी अंकच वाचतो, पण यादीत त्यांतली एकही कथा नसते. जे खरोखर वाचले ते कागदावर येत नाही आणि जे वाचायला हवे होते ते येते.

शेवटी जूनमध्ये मी अण्णांकडे गेलो आणि सरळ सांगून टाकले. अण्णा हसले. म्हणाले, "सर, पहिल्या तोडणीवर जातीला चांगलं म्हणू नये. खोडवा बघावा."

हे बोलणे मांजरीच्याच मातीतले. 1975 साली ऊस उत्पादकांच्या पुढाकाराने सुरू झालेली आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी संस्था आमच्या गावात आहे. ऊस एकदा तोडला की त्याच बुडख्यांना पुन्हा कोंब फुटतात. त्या दुसऱ्या पिकाला खोडवा म्हणतात. बेणे नवे नाही, मशागतही कमी. अशा वेळी जातीचा कस लागतो. काही जाती लागणीला डोळे दिपवतात आणि खोडव्याला बसतात. को-86032 ही जात शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे धरून ठेवली, त्याचे एक कारण म्हणजे तिचा खोडवाही चांगला येतो.

मी ही कसोटी पुस्तकांना लावायचे ठरवले. पहिल्या वाचनात बेणे नवे असते, उत्सुकता असते, लोकांच्या बोलण्याचे खत असते. दुसऱ्यांदा हातात घेतल्यावर कोंब फुटतो का, ते पाहायचे. गेल्या दोन-तीन वर्षांत आवडली म्हणून नोंदवलेली नऊ पुस्तके काढली आणि जुलैपासून पुन्हा वाचायला घेतली. सहा बसली. त्यांतले एक तर मी भेट म्हणून चौघांना दिले होते!

उभी राहिली ती तीन. पहिले लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. 1934 ते 1936 या काळात ते प्रसिद्ध झाले. सोवळ्यापायी मीठसाखरही धुवायला लावणाऱ्या वडिलांच्या हकिकती वाचून मी पूर्वी पोट धरून हसलो होतो. या खेपेला त्या हसण्याखाली घरातल्या बायकांचे किती हाल आहेत ते दिसले. 1895 मध्ये नवरा ख्रिस्ती झाल्यावर एकटी पडलेली ही बाई तक्रारीचा सूर न लावता सारे सांगते, आणि म्हणूनच ते अधिक लागते.

दुसरे दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र', 1956 सालचे. पूर्वी ते मी एका बैठकीत संपवले होते. ती चूक होती. महिन्यामहिन्यांचे हे पुस्तक ज्या त्या महिन्यातच वाचावे. मी आषाढापासून तसे वाचत गेलो. 2021 मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आले, उसाच्या फडांच्या जागी इमारती आल्या, तरी मुळामुठेच्या काठाला अजून झाडे आहेत आणि त्यांना ऋतू कळतात. पुस्तक वाचून मी उठून पाहायला गेलो. पुस्तकाने याहून काय करावे?

तिसरे कृष्णात खोत यांचे 'रिंगाण'. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाल्यावर मी ते वाचले होते, आणि खरे सांगायचे तर बोलीने दमलो होतो. धरणापायी गाव उठले, मागे राहिलेल्या म्हशीला आणायला माणूस जुन्या गावी परत जातो, एवढी गोष्ट. दुसऱ्या वाचनात बोली अडली नाही आणि म्हैस नुसती म्हैस राहिली नाही.

हे पुस्तक मी भीतभीतच अण्णांना दिले. आधीच सांगितले, "दोनदा वाचलंय. पहिल्यांदा मलाही जड गेलं." आठ दिवसांनी ते आले, हात मोकळेच. पुस्तकाविषयी फारसे बोलले नाहीत. आपली शेवटची बैलजोडी विकली तो दिवस मात्र त्यांनी तासभर सांगितला. पुस्तक विचारले तर म्हणाले, "व्याह्यांकडं दिलंय. त्यांचीबी जमीन गेलीय."

यंदाचा कागद परवा माझ्याकडे आला. मी तीन नावे लिहिली आणि चौथ्या-पाचव्या ओळीवर काही लिहिले नाही. बँकेतल्या बाईंनी विचारले, "सर, यंदा वाचन कमी झालं वाटतं?" मी म्हटले, "वाचन झालं. खोडवा यायचाय."