कॅप्टन साठे यांच्या नावानं फिरणारा मेसेज

लावणी उरकली, दोन दिवस हाताला उसंत आहे, म्हणून आज भात सोडून वेगळं लिहितो.

ऑगस्ट लागला की ग्रुपवर कॅप्टन दीपक साठे यांचा मेसेज येतो. त्यांनी तीन घिरट्या मारून विमानातलं इंधन संपवलं, उतरायच्या आधी इंजिन बंद केलं, म्हणून आग लागली नाही, असं त्यात असतं. खाली तिरंगा आणि सलाम. आपण न वाचता पुढं ढकलतो.

मला हे पटत नाही. त्या माणसाचं खरं काम एवढं मोठं आहे की त्याला वरून काही चिकटवायची गरजच नाही. घर नागपूरचं, वडील लष्करात अधिकारी. खडकवासल्याच्या एनडीएतून पुढं जाऊन जून १९८१ मध्ये हवाई दलात दाखल झाले, तेही अकादमीतला मानाचा 'सोर्ड ऑफ ऑनर' मिळवून. लढाऊ विमानं चालवली, नव्या पोरांना शिकवलं, मग टेस्ट पायलट झाले. नवं वाण आधी स्वतःच्या दोन गुंठ्यांत लावून बघणारा एखादा शेतकरी असतो ना, तसं ते काम. फक्त तिथं पीक नाही, स्वतःचा जीव लावायचा.

२००३ ला विंग कमांडर म्हणून बाहेर पडले. बावीस वर्षं झाली होती. नंतर एअर इंडियाचं एअरबस ३१० आणि पुढं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७. म्हणजे वर्दी उतरली तरी विमान सुटलं नाही. आता मागं माणसं बसलेली, बरीचशी आखातात कामाला गेलेली साधी माणसं.

७ ऑगस्ट २०२० ला कोरोनात अडकलेल्यांना दुबईहून कोळीकोडला आणत होते. विमानात १९० जण. धो धो पाऊस, धावपट्टी टेकडीवर, टोकाला उतार. पहिल्यांदा उतरणं सोडून विमान परत वर नेलं. दुसऱ्या वेळी पाठीमागून वारा, वायपर धड चालत नव्हता. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फुटांवर टेकलं. को-पायलटनं परत वर घ्या म्हणून सांगितलं होतं. विमान पुढं निघून खाली कोसळलं. दोन्ही पायलटांसह २१ जण गेले.

हे सगळं सरकारी तपासाच्या अहवालात आहे. तीन घिरट्या त्यात नाहीत. दुसऱ्या विमानतळावर जाण्याइतकं इंधन शिल्लक होतं. टेकल्यावर वेग कमी करायला इंजिनाचा उलटा जोर वापरलाय, मग इंजिन आधी बंद कुठून झालं?

अहवालानं मुख्य चूक ती उतरण ठरवली. पण त्यातच आणखी एक गोष्ट आहे, ती कोणी पुढं पाठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीकोडहून त्यांचीच ड्युटी होती. तिथं कॅप्टन फारच कमी नेमलेले, म्हणून काहीही करून तिथंच पोचायची ओढ त्यांच्या मनात होती, असं तपास करणाऱ्यांनी लिहिलंय. कंपनीच्या त्या नेमणुकीलाही दोष दिलाय.

आपल्याला हे समजायला विमान कळायला नको. आभाळ भरलेलं दिसतं, तरी औषध मारतो. का? उद्या माणूस मिळणार नाही. औषध वाहून जातं, दोष फवारणाऱ्याला. एवढा शिकलेला, एवढा मुरलेला माणूसही उद्याच्या हजेरीच्या ओझ्यातून सुटला नाही, हे मला त्या इंजिनाच्या गोष्टीपेक्षा जास्त लागतं.

विमान म्हटलं की इथं आपल्याला नेवाळी आठवते, महायुद्धात बापजाद्यांच्या जमिनीवर झालेली धावपट्टी. २०१७ ला त्यावरून काय पेटलं ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. तरी शिवमंदिराच्या मैदानावर पहाटे पळणारी पोरं दिसतात, त्यातल्या एखाद्याला एनडीएत जायचं असतं. जाऊ दे, चांगलंच आहे. पण आईबापांनी एक लक्षात घ्यावं. ही जन्माची नोकरी नाही. शॉर्ट सर्व्हिसनं गेला तर १४ वर्षांनी बाहेर, पेन्शन नाही. पर्मनंट कमिशनवाल्यालाही पेन्शनला किमान २० वर्षं लागतात. बाहेर आल्यावर नागरी लायसन्स वेगळं काढायचं, परीक्षा द्यायच्या, आणि चाळिशी ओलांडून दुसऱ्याच्या ड्युटीच्या तक्त्यावर चालायचं. पोराला हे आधीच सांगा, म्हणजे नंतर बावरणार नाही.

आणि तो मेसेज आला तर माझ्याकडं पाठवू नका. अहवाल इंग्रजीत आहे, लांबलचक आहे, मी भाच्याला बसवून वाचून घेतला. ज्याला हवा त्यानं कमेंटमध्ये सांगा.

भाताची पानं शेंड्याकडून पिवळी पडतायत असं तिघांनी विचारलंय, फोटो बघितले. त्यावर उद्या लिहितो.