मुलांच्या हातातला मोबाईल आणि आपण



या पानावर आम्ही सहसा महागाई भत्ता, पेन्शन, रोस्टर आणि बदल्या यांविषयी लिहितो. या वेळी घरातल्या एका प्रश्नावर लिहीत आहोत. हा संघटनेचा विषय आहे काय, असे काही साथी विचारतील. आमच्या मते आहे. लोको पायलट दोन-दोन दिवस घराबाहेर असतो. आर.एम.एस.चा सॉर्टर रात्रभर टपाल लावतो आणि दिवसा झोपतो. मुलांना बाप भेटत नाही, मोबाईल मात्र चोवीस तास भेटतो. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आपणच पोटाला चिमटा काढून मुलांना मोबाईल घेऊन दिले. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाईल मुलांच्या हातातच राहिला.

गेल्या वर्षी आमच्या कॉलनीत एका साथीच्या नववीतल्या मुलाशी गेम खेळता खेळता कोणा अनोळखी माणसाने मैत्री केली. आपणही नववीतच आहोत असे त्याने सांगितले. नंतर व्हॉट्सॲपवर बोलणे सुरू झाले, मग नको तसा फोटो मागितला. फोटो हाती पडताच पैशाची मागणी आली, नाहीतर फोटो वर्गातल्या सगळ्यांना पाठवण्याची धमकी. मुलाने आईच्या मोबाईलवरून थोडेथोडे पैसे पाठवले. तीन आठवडे पोरगा धड जेवला नाही. शेवटी आईच्या लक्षात आले. आधी का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर म्हणाला, "बाबा मारतील आणि मोबाईल काढून घेतील."

हे ऐकून आमच्या माना खाली गेल्या. रूळ तडकल्याचे कळवणाऱ्या ट्रॅकमनलाच चार्जशीट दिली, तर पुढच्या वेळी कोण कळवील? हे आपण साहेबांना वर्षानुवर्षे सांगत आलो. घरात मात्र आपणच साहेब होऊन बसतो. मुलीच्या बाबतीत तर मोबाईलबरोबर तिची शाळाही सुटते. मग ती कशाला तोंड उघडील?

म्हणून पहिले काम हे की, आजच मुलांना जवळ बसवून सांगा : काहीही झाले तरी आम्हाला सांग, तुला शिक्षा होणार नाही. आणि दिलेला शब्द पाळा.

बाकीची कामे साधी आहेत. रात्री सगळ्यांचे मोबाईल, आपलासुद्धा, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. अँड्रॉइड मोबाईलवर गूगलचे फॅमिली लिंक फुकट मिळते. त्यातून वेळेची मर्यादा घालता येते आणि कोणते ॲप घ्यायचे ते आपण ठरवू शकतो. पण हे मुलाला सांगून करावे, चोरून नव्हे. मूल कोणता गेम खेळते, कोणाशी बोलते, हे त्याच्याशेजारी बसून त्याच्याकडूनच शिकून घ्यावे. आपण मॅट्रिक असलो म्हणून लाजायचे कारण नाही.

तरीही प्रसंग आलाच तर पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढतच जाते. मेसेज पुसू नयेत, तो पुरावा आहे. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. अब्रूच्या भीतीने गप्प बसू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेता येतो आणि जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसावा लागतो. मुलाची ओळख उघड करण्यास प्रसारमाध्यमांना मनाई आहे.

एक कबुली आम्हालाही द्यायची आहे. दहावी-बारावीच्या गुणवंत मुलांचा सत्कार झाला की आमच्या शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचे फोटो, शाळेचे नाव, क्वार्टर नंबर, सगळे टाकले जात असे. कौतुकाच्या भरात अनोळखी माणसांच्या हाती आपल्या मुलांचा पत्ताच आम्ही देत होतो. आता ते बंद केले आहे. इतर शाखांनीही करावे.

येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने कॉलनीच्या इन्स्टिट्यूटमध्ये आई-वडील आणि मुले यांची एकत्र बैठक घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. आणि रोस्टरप्रमाणे पुरती विश्रांती मागताना प्रशासनाला हेही ठणकावून सांगू, की ही विश्रांती आमच्या मुलांच्याही हक्काची आहे.

त्या साथीचा मुलगा आता सावरला आहे. परवा त्याने आपणहून वडिलांना एक मेसेज दाखवला आणि विचारले, "बाबा, हा कोण असेल?" बापाने हातातला डबा खाली ठेवला आणि शेजारी बसून तो मेसेज वाचला.