आधी तारीख, मग रंग

ऑगस्ट 1943 ची सुरुवात. सॉलोमन बेटांमधल्या रेंडोव्हा तळावर पीटी-109 या टॉर्पेडो बोटीच्या पुढच्या डेकवर खलाशांनी 37 मिलिमीटरची एक रणगाडाविरोधी तोफ चढवली. तोफ पायदळाची, बोटीच्या आराखड्यात तिला जागाच नव्हती. ती जागा करायला पुढचा जीवरक्षक तराफा काढला आणि तोफ लाकडी फळ्यांवर ठेवून दोरखंडांनी जखडली. 2 ऑगस्टच्या पहाटे अडीचच्या सुमारास ब्लॅकेट सामुद्रधुनीत 'अमागिरी' या जपानी विनाशिकेने बोटीच्या उजव्या अंगावर धडक देऊन तिचे दोन तुकडे केले. बोटीवर 13 जण होते. अँड्र्यू कर्क्सी आणि हॅरल्ड मार्नी हे दोघे त्याच क्षणी गेले. उरलेल्या 11 जणांनी बराच वेळ तरंगत राहिलेल्या पुढच्या तुकड्याचा आधार घेतला आणि दुपारी तोही सोडून जवळच्या बेटाकडे निघाले. ज्यांना नीट पोहता येत नव्हते, ते तोफेखालचे लाकूड धरून पाण्यात पाय मारत होते. कप्तान जॉन केनेडी भाजलेल्या मॅकमेहन या खलाशाच्या जाकिटाचा पट्टा दातांत धरून त्याला ओढत होते.

गेल्या काही महिन्यांत आपल्या मासिकाकडे पीटी-109 च्या मॉडेलांची बरीच छायाचित्रे आली. काम देखणे आहे. रंगाचे थर पातळ, जोड स्वच्छ, डेकॅलच्या कडा दिसतही नाहीत. पण त्यांतल्या काही मॉडेलांवर पुढच्या डेकवर तोफही आहे आणि तराफाही आहे. एका मॉडेलावर तर रडारचा डोलारा उभा आहे. पीटी-109 वर रडार कधीच नव्हते. त्या काळोख्या रात्री शेजारच्या बोटींपासून ती चुकली आणि विनाशिका अगदी अंगावर आल्यावरच दिसली, यामागे हेही एक कारण होते. ते रडार मॉडेलावर बसवले की त्या रात्रीची सगळी कथाच खोटी पडते.

म्हणून या अंकात एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. बोटीचा क्रमांक ठरवला म्हणजे विषय ठरला असे होत नाही. तारीखही ठरवावी लागते.

हीच बोट घ्या. न्यू जर्सीतल्या बेयॉन इथल्या एल्को कारखान्यातून ती 20 जून 1942 रोजी पाण्यात उतरली आणि 10 जुलैला नौदलाच्या ताब्यात गेली. 20 ऑगस्ट 1942 रोजी नॉरफोक गोदीत ती 'जोसेफ स्टँटन' या मालवाहू जहाजाच्या डेकवर चढवलेली असताना काढलेले छायाचित्र उपलब्ध आहे. ती नवी कोरी बोट आहे, युद्ध अजून तिच्यापासून अर्ध्या पृथ्वीवर आहे. त्यानंतरची बोट ग्वाडलकॅनालच्या रात्रींमधली. एप्रिल 1943 मध्ये केनेडींनी ताबा घेतला तेव्हाची बोट आणखी वेगळी, महिनोन्‌महिने राबून थकलेली. सॉलोमनमध्ये झाडीच्या आडोशाला दबून राहायचे असल्याने तिथल्या बोटींना हिरवा रंग लागला. तोफ आली ती अगदी अखेरीस. नॉरफोकच्या छायाचित्रातला रंग आणि शेवटच्या फेरीतली तोफ एकाच मॉडेलावर आली, तर ती बोट कुठल्याच दिवशी अस्तित्वात नव्हती.

या विषयात खोटे साक्षीदारही बरेच आहेत. 20 जानेवारी 1961 रोजी केनेडींच्या शपथविधीच्या मिरवणुकीत 'पीटी-109' म्हणून जी बोट वॉशिंग्टनच्या रस्त्यावरून नेली, ती खरी पीटी-796 होती आणि न्यू ऑर्लिन्सच्या हिगिन्स कारखान्यात बांधलेली होती. हिगिन्सची ती बोट 78 फुटी, 109 मात्र एल्कोची 80 फुटी. केबिनची ठेवण वेगळी, डेकची मांडणी वेगळी. 109 वरच्या 1963 च्या चित्रपटात हवाई दलाच्या बचाव-बोटींना सजवून पीटी बोटी केले होते. ही दोन्ही दृश्ये जगभर इतकी पाहिली गेली की आजही काही मॉडेलांवर त्यांचे तपशील सापडतात. तिसरा गोंधळ केनेडींच्याच दुसऱ्या बोटीचा. पीटी-59 ही 77 फुटी एल्को होती. टॉर्पेडो नळ्या काढून तिला तोफांची बोट केले होते. तिची छायाचित्रे 109 च्या नावावर खपतात. नळ्या नाहीत आणि 40 मिलिमीटरच्या तोफा आहेत, एवढे दिसले तरी ते छायाचित्र बाजूला ठेवा.

संग्रहालयातली खरी बोटसुद्धा जपून पाहावी लागते. मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर इथे पीटी-617 जपली आहे. ती 80 फुटी एल्कोच आहे, पण 1945 सालची. 109 वर मागच्या डेकवर 20 मिलिमीटरची ओर्लिकॉन होती आणि मार्क 8 टॉर्पेडोंसाठी चार जड नळ्या होत्या. उत्तरार्धातल्या बोटींवर नळ्या जाऊन मार्क 13 टॉर्पेडो बाजूने ढकलून सोडण्याच्या चौकटी आल्या, मागे 40 मिलिमीटरची बोफोर्स आली, रडार आले. 617 वरून लाकडाची वळणे, दारांच्या कडा, बिजागऱ्या पाहाव्यात, शस्त्रे पाहू नयेत. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या वाचकांना तिथे जाणे सोपे आहे. त्यांनी मोजपट्टी घेऊन जावे आणि प्रत्येक छायाचित्रात ती दिसेल अशी धरावी.

छायाचित्र वाचणे हे या सगळ्यातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत आनंदाचे काम. मी स्वतः एका छायाचित्रासमोर भिंग घेऊन सलग चार संध्याकाळी बसलो आहे. पहिल्या दिवशी माणसांचे चेहरेच दिसतात. दुसऱ्या दिवशी डोळा त्यांच्या मागे जातो. बुरुजाची कड, दोराची गुंडाळी, कोणीतरी वाळत घातलेला सदरा. 109 च्या खलाशांचे जुलै 1943 मधले प्रसिद्ध छायाचित्र आपण सारे केनेडींसाठी पाहतो. आता त्यांना सोडून, त्यांच्या मागे बोटीचा जेवढा भाग दिसतो तेवढाच पाहा. मापासाठी माणसाची उंची वापरू नका, माणूस वाकलेला असतो. टॉर्पेडोचा व्यास 21 इंच हे पक्के माप आहे, म्हणजे 1:72 मध्ये 7.4 मिलिमीटर. बोटीची रुंदी 20 फूट 8 इंच. माप घ्यायची वस्तू आणि हे ठाऊक असलेले माप, दोन्ही कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत ना, एवढे तपासा.

कृष्णधवल छायाचित्रातून रंग ठरवायला मात्र जाऊ नका. त्यातून फक्त गडद-फिकट कळते, तेही फिल्मवर अवलंबून असते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल जवळजवळ काळा येतो आणि निळा फिकट. रंगासाठी कागद आणि माणसांचे बोल हवेत. नौदलाच्या रंगयोजनेचे आदेश, तुकड्यांच्या युद्ध-नोंदी, बोटीवर राहिलेल्यांच्या आठवणी. आठवणी चुकतात हे खरे, पण ज्याने स्वतः ब्रश धरून हिरवा रंग लावला त्याची आठवण खोक्यावरच्या चित्रापेक्षा मोलाची.

आराखड्यांसाठी जॉन लॅम्बर्ट आणि अल रॉस यांच्या दोस्तराष्ट्रांच्या किनारी नौदलांवरील ग्रंथाचा दुसरा खंड अजून हाताशी ठेवण्यासारखा आहे. एल्को बोटी त्यात आहेत. रॉबर्ट बल्कली यांचा 1962 चा पीटी बोटींचा इतिहास तपशिलांपेक्षा मोहिमांसाठी वाचावा. 109 बुडाल्याचा अहवाल 22 ऑगस्ट 1943 चा. तो लिहिणाऱ्या दोघांपैकी एक बायरन व्हाइट पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मॉडेल करणाऱ्याने हा अहवाल वाचलाच पाहिजे, कारण त्या रात्री कोण कुठे उभे होते हे कळल्याशिवाय डायोरामात माणसे उभी करू नयेत.

आता लाकडाबद्दल. या बोटी प्लायवूडच्या होत्या असे आपल्याकडेही सर्रास लिहिले जाते. तसे नव्हते. एल्कोच्या बोटीला महॉगनीच्या एकेक इंच जाडीच्या फळ्यांचे दोन थर होते, तिरपे बसवलेले, आणि मध्ये सरसाने भिजवलेले कापड. ज्याला हे माहीत आहे तो अशा बोटीच्या अंगावर गंजाचे लाल ओघळ काढणार नाही. गंज लोखंडी जोडकामापाशी, साखळीपाशी, शस्त्रांपाशी. बाकी लाकूड. लाकडावरचा रंग कसा जुना होतो हे पाहायला पॅसिफिकला जायला नको. हर्णै बंदरात किंवा ससून डॉकवर सकाळी जाऊन मासेमारीच्या लाकडी बोटी पाहा. पाण्याच्या रेषेशी हिरवट पट्टा असतो, त्यावर मिठाची पांढुरकी झाक. दोर घासतो तिथे रंग उडून खालचा जुना रंग दिसतो. नाळेपाशी धक्क्याला घासून फळी उघडी पडते. एअरब्रश हातात घेण्यापूर्वी तासभर तिथे उभे राहण्याने जे शिकायला मिळते, ते कुठल्याही बाटलीत मिळत नाही.

कोणी म्हणेल, इतके कशाला, शेवटी हा छंद आहे. मला ते पटत नाही. त्या तोफेखालच्या लाकडाने माणसे तरली. मॉडेलावर ते लाकूड आहे की नाही, याला माझ्या लेखी किंमत आहे. युद्ध संपल्यावर फिलिपिन्समध्ये सामार बेटाच्या किनाऱ्यावर शंभराहून अधिक पीटी बोटी उपयोगाचे सामान काढून घेऊन जाळण्यात आल्या. 109 चे अवशेष रॉबर्ट बॅलर्ड यांच्या मोहिमेला 2002 मध्ये सुमारे 1,200 फूट खोल सापडले. वाळूबाहेर दिसली ती टॉर्पेडो आणि तिची नळी, आणि दोन माणसांची ती समाधी म्हणून तिला कोणी हलवले नाही. ती बोट आता कोणाला डेकवर चढून पाहता येणार नाही. आपण टेबलावर जी करतो तीच अनेकांना दिसणार आहे.

तेव्हा पुढच्या अंकापासून छायाचित्रांसोबत एक अर्धे पान पाठवा. वर बोटीचा क्रमांक आणि तारीख. खाली, कोणता तपशील कोणत्या छायाचित्रावरून, आराखड्यावरून किंवा कोणाच्या आठवणीवरून घेतला ते, आणि जिथे स्वतःचा अंदाज चालवला तिथे 'अंदाज' असा स्पष्ट शब्द. अंदाज लिहिला म्हणून कोणाचे मॉडेल मागे ठेवले जाणार नाही. हे अर्धे पान आम्ही मॉडेलाच्या छायाचित्राशेजारी, त्याच आकाराच्या जागेत छापू.